वळचणीची झालर कुजली, तर वाशांची धडगत नाही

कोकणातले कौलारू घर असो, माथेरानचा बंगला असो की बेंगळुरूच्या जुन्या वस्तीतले घर. वळचणीला ठोकलेली नक्षीची लाकडी पट्टी घराला शोभा देते. पण ही झालर नुसती शोभेची नसते. पावसाची झड वाशांच्या उघड्या टोकांपर्यंत पोहोचू नये, हे तिचे खरे काम. ती कुजली की पुढची पाळी वाशांची. वासे बदलायचे म्हणजे कौले उतरवणे आले आणि खर्चही त्याच मापाने वाढला.

म्हणून एप्रिल-मेमध्ये, लाकूड कोरडे असताना, झालर तपासून घ्यावी. रंगाला फुगे आले आहेत का, ते आधी पाहावे. मग स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ठिकठिकाणी दाबावे. चांगल्या लाकडात ते रुतत नाही; कुजलेल्यात लोण्यासारखे शिरते. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी लागली आहे असे समजावे. तिचा बंदोबस्त केल्याशिवाय नवी फळी ठोकणे म्हणजे वाळवीला ताजे ताट वाढणे!

लाकूड भिजल्याने लगेच कुजत नाही. भिजल्यावर वाळायला सवड मिळाली नाही की कुजते. ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते. तेव्हा पाणी कुठून येते ते आधी शोधावे. बहुधा सरकलेले कौल किंवा पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हळ सापडते. कौलाची कड फळीच्या दीड-दोन इंच पुढे असली, तर पागोळ्या फळीवर न ओघळता थेट खाली पडतात.

एखादी हातभर जागाच खराब असेल तर सगळी झालर काढण्याचे कारण नाही. सुतार सरसकट बदलायला सांगेल; त्याचे ऐकण्यापूर्वी बाकीची फळी ठोकून पाहावी. कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापावा आणि सांधा वाशावरच येऊ द्यावा, म्हणजे दोन्ही तुकड्यांना स्क्रू धरायला आधार मिळतो. सांधा तिरका कापावा. नक्षी असेल तर फळी काढण्यापूर्वी जाड कागदावर तिचा छाप उतरवून घ्यावा. साधे लोखंडी खिळे गंजून लाकूड काळे पाडतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग पडले तरी टिकतात.

नव्या तुकड्याला सागवान उत्तम. जुन्या घराच्या मोडक्या दारातून निघालेले मिळाले तर फारच छान. जिथे नक्षीचा आग्रह नाही, तिथे सिमेंट-फायबरची पट्टीही चालते. तिला वाळवी लागत नाही.

रंगाच्या बाबतीत हमखास चूक होते ती अशी, की फक्त दर्शनी बाजू रंगवली जाते. प्रायमर मागच्या बाजूला आणि विशेषतः कापलेल्या टोकांना, फळी चढवण्यापूर्वीच लावावा. लाकूड सर्वांत जास्त पाणी या टोकांतूनच पिते.

जुना रंग मात्र कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना व गर्भवतींना अपायकारक असते. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे आणि पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. मुलांना त्या दिवशी मामाकडे धाडले तर अधिक बरे.