मॉरिशसला जाताना पाय सांभाळा

पांढुर्णा-सौंसर परिसरातील मधुमेही रुग्ण मॉरिशसला निघाले, की मी प्रथम त्यांचे पाय तपासतो. तेथील प्रवाळ धारदार असते. उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी ‘स्टोनफिश’ही दडलेला असू शकतो. संवेदना हरपलेल्या तळव्यास जखम कळतच नाही. म्हणून जाड तळाचे रबरी बूट घालूनच पाण्यात उतरावे व रोज रात्री तळवे आरशात पाहावेत.

इन्सुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ असल्याने औषधे आठवडाभर अधिक न्यावीत. २०२५ मध्ये तेथे चिकुनगुन्याची साथ होती. डासप्रतिबंधक मलम विसरू नये.

तेथे मराठी वंशाचे बांधव भेटतात. तो आनंद धडधाकट पायांनी घ्यावा, हीच विनंती.