जड बारबेल उचलण्यात ‘कोअर’ व्यायामांचे स्थान : एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालयीन व्यायामशाळांमध्ये ‘कोअर’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. आंतरमहाविद्यालयीन भारोत्तोलन व पॉवरलिफ्टिंग स्पर्धांची तयारी करणारे विद्यार्थी सरावातील वीस-पंचवीस मिनिटे सिट-अप, क्रंच, प्लँक यांसारख्या व्यायामांना देताना आढळतात. पोट मजबूत झाले की उचलले जाणारे वजन आपोआप वाढते, अशी त्यामागील धारणा असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला दिवसाकाठी तासाभराचा वेळ आणि एखाद-दुसरा बारबेल येतो, हे ध्यानात घेता ही वीस मिनिटे सार्थकी लागतात काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. कंबरेची दुखापत झाली तर त्या विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष वाया जाते, हेही विसरून चालणार नाही. सदर धारणेची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘कोअर’ म्हणजे काय ?
‘कोअर’ म्हणजे पोटावर दिसणारे ‘सिक्स पॅक’ नव्हेत. धडाच्या मध्यभागाची कल्पना पिंपासारखी करता येईल. वर श्वासपटल, खाली श्रोणितलाचे स्नायू, समोर व बाजूंना उदराचे सरळ, तिरकस व आडवे स्नायू आणि मागे कण्यालगतचे स्नायू अशी त्याची रचना असते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांनी कंबरदुखीच्या रुग्णांत आडवा उदरस्नायू हात हलविताना उशिरा कार्यान्वित होतो, असे दाखविले. या निरीक्षणाचा आधार घेत पुढील दशकात ‘कोअर स्टॅबिलिटी’ची जणू लाटच आली आणि रुग्णांविषयीचे निष्कर्ष निरोगी खेळाडूंना सरसकट लागू करण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या मते गफलतीचे मूळ येथेच आहे. २०१० मध्ये आयल लेडरमन यांनी या संकल्पनेला ‘मिथक’ असे संबोधून तिची कठोर चिकित्सा केली.

भार उचलताना कण्यावर काय घडते ?
डेडलिफ्टमध्ये १०० किलोचा बारबेल जमिनीवरून सुटताना कंबरेच्या सांध्यापासून साधारण ३० सेंमी पुढे आहे, असे मानू. पाठीचे स्नायू त्याच सांध्यापासून जेमतेम ६ सेंमी मागे असतात. तरफेच्या नियमानुसार केवळ बारबेलचा तोल सांभाळण्यासाठी त्या स्नायूंना पाचपट, म्हणजे ५०० किलो वजनाइतके बल लावावे लागते. उचलणाऱ्याच्या धडाचे वजन यात धरलेले नाही. अशा वेळी कणा वाकू न देणे हे धडाचे कार्य असते आणि प्रत्यक्ष वजन उचलण्याचे काम नितंब व मांड्या करतात. क्रंचमध्ये मात्र नेमके उलट घडते. तेथे कणा वारंवार वाकविला जातो.

कणा ताठ ठेवण्यासाठी भारोत्तोलक खोल श्वास घेऊन तो रोखतो व पोट चहूबाजूंनी आवळतो. त्यामुळे उदरपोकळीतील दाब वाढतो. या दाबाने कण्यावरील भार हलका होतो, असा विचार बार्टेलिंक यांनी १९५७ मध्ये मांडला होता. पुढील अभ्यासकांनी भार हलका होण्याच्या मुद्द्यावर शंका घेतली, तथापि धडाला ताठरपणा येतो हे सर्वमान्य आहे. कमरेचा पट्टा उपयोगी पडतो तो याच कारणाने, कारण आवळलेल्या पोटाला रेटा देण्यासाठी तो एक भिंत पुरवितो.

संशोधनाचा कौल :
हॅमलिन, बेम व यंग यांनी २००७ मध्ये धडाच्या स्नायूंतील विद्युत् क्रिया मोजली. कमाल क्षमतेच्या ८० टक्के वजनाने केलेल्या स्क्वॉट व डेडलिफ्टमध्ये पाठीच्या स्नायूंची क्रिया साइड ब्रिजसारख्या कोअर व्यायामांपेक्षा अधिक आढळली. २००८ मध्ये नुझो व सहकाऱ्यांनी फुग्यासारख्या मोठ्या चेंडूवरील व्यायामांशी तुलना केली असता पाठीबाबत तसेच चित्र दिसले. तात्पर्य, जो विद्यार्थी नियमित व योग्य पद्धतीने स्क्वॉट करतो, त्याच्या पाठीला आवश्यक ते प्रशिक्षण बारबेलच देत असतो. उदराच्या पुढील स्नायूंबाबत मात्र इतका स्पष्ट फरक दिसला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. २०१६ मध्ये प्रिस्के व सहकाऱ्यांनी प्रशिक्षित व्यक्तींवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. कोअर व्यायामांनी धडाची ताकद वाढते, परंतु खेळातील कामगिरीवर तिचा परिणाम मर्यादितच राहतो, असे त्यातून दिसते.

मग हे व्यायाम निरुपयोगी ठरतात काय ? तसेही नाही. कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल व चोलेविकी यांनी पॉवरलिफ्टर्सच्या कण्याचे क्ष-किरण चलच्चित्रण केले, तेव्हा एका खेळाडूला प्रत्यक्ष उचलतानाच इजा झाली. त्याच्या कण्यातील एकच मणका-सांधा क्षणभर मर्यादेपलीकडे वाकला होता, इतर सांधे सुरक्षित होते. येथे प्रश्न ताकदीपेक्षा नियंत्रणाचा अधिक होता. मॅकगिल यांनी पुढे सुचविलेले कर्ल-अप, साइड ब्रिज व बर्ड-डॉग हे तीन व्यायाम कण्याची हालचाल रोखून धरावयास शिकवितात. पोट आवळणे म्हणजे काय हेच ज्या नवशिक्याला उमगत नाही, त्याच्यासाठी ते पहिली इयत्ता ठरतात. सरावापूर्वी पाच-सात मिनिटे त्यास पुरेशी आहेत.

कमकुवत दुवा कोठे आहे हे न पाहता सर्वांना एकच औषध देणे योग्य नव्हे. मीराबाई चानू यांना कंबरेच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई स्पर्धांना मुकावे लागले. २०२० मध्ये अमेरिकेत एरन होर्शिग यांच्याकडे त्यांनी जे उपचार व प्रशिक्षण घेतले, त्यात खांदा व पाठीतील असंतुलन दूर करण्यावर भर होता. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला. आपल्या सांगलीच्या संकेत सरगर यांचे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले, ते कोपराच्या दुखापतीमुळे.

प्राध्यापकांसाठी एक दक्षता :
श्वास रोखण्याचे तंत्र उपयुक्त असले तरी त्याने रक्तदाब झपाट्याने चढतो. मॅकडुगल व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट मोजणी केली. जड लेग प्रेस करताना त्यांचा सरासरी रक्तदाब ३२०/२५०, तर एकाचा ४८०/३५० इतका नोंदला गेला. निरोगी तरुण हा क्षणिक ताण सहसा सोसतो. तथापि उच्च रक्तदाब किंवा हर्निया असलेल्या विद्यार्थ्यास वैद्यकीय तपासणीविना जड बारबेलखाली उभे करू नये, आणि वर्षारंभी प्रत्येकाच्या रक्तदाबाची नोंद शारीरिक शिक्षण विभागाने ठेवावी.