गंगापूर रोडला घर बघताय? बौद्ध कुटुंबांनी जागा निवडताना काय पाहावे

एप्रिल-मे महिना आला की आमच्याकडे एक चौकशी हमखास येते. जळगाव, नांदेड, बुलढाणा, परभणीकडून कुणी शिक्षक, बँक कर्मचारी, नर्स किंवा इंजिनिअर बदलीवर नाशिकला येत असतात. सोबत जोडीदार, एक-दोन लहान मुले, कधी म्हातारी आई. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी घर हवे असते. ऑफिसातल्या कुणीतरी 'गंगापूर रोड चांगला आहे' असे सांगितलेले असते. मग आम्हाला विचारले जाते, "गंगापूर रोडचा एरिया कसा आहे? तिकडे आपले लोक आहेत का? आणि आपल्याला घर देतात का?"

यातला पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा आणि तिसरा मात्र आपल्यालाच विचारावा लागतो. कुटुंबासाठी जागा कशी निवडावी यावर इंटरनेटवर भरपूर सल्ले मिळतात, पण त्यात हे दोन प्रश्न नसतात. म्हणून हा लेख.

मंगल सुत्तातली कसोटी

विहारात, घरच्या कार्यक्रमात आपण मंगल सुत्त म्हणतो. तथागतांनी त्यात जी उत्तम मंगले सांगितली, त्यात योग्य प्रदेशात वास करणे हे एक मंगल आहे. पाली शब्द आहे 'पतिरूपदेस'. तो आपण इतक्यांदा म्हणतो की त्याच्या अर्थाकडे लक्ष जात नाही. मुहूर्त, वास्तुशास्त्र, दाराची दिशा यांत मंगल शोधू नका, आपण कोणत्या परिसरात आणि कोणत्या माणसांत राहतो यात ते शोधा, असा त्याचा रोख आहे. अट्ठकथेत योग्य प्रदेशाची खूण सांगितली आहे ती अशी : जिथे भिक्खू-भिक्खुणी, उपासक-उपासिका यांचा वावर आहे, जिथे दानासारखी कुशल कर्मे घडतात, तो प्रदेश योग्य.

त्याच सुत्तात या मंगलाजवळच स्वतःला नीट मार्गावर ठेवण्याचे मंगल येते. म्हणजे जागा चांगली मिळाली की काम संपले असे नाही. या कसोटीवर गंगापूर रोड कसा उतरतो ते पाहू.

आधी परिसर समजून घ्या

अशोक स्तंभापासून निघणारा हा रस्ता गंगापूर नाका, आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव करत गंगापूर धरणाच्या दिशेने जातो. एका बाजूला गोदावरी, दुसऱ्या बाजूला कॉलेज रोड आणि त्यापलीकडे त्र्यंबक रोड व सातपूरची औद्योगिक वसाहत. रस्त्याच्या सुरुवातीला केटीएचएम महाविद्यालय आहे, पुढे धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. कुसुमाग्रज स्मारक याच भागात. शाळा, क्लास, दवाखाने, बागा जवळ आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी लोक हा भाग निवडतात, त्यात चूक काहीच नाही.

पण 'गंगापूर रोड' हा एक परिसर नाही. अशोक स्तंभाजवळची जुनी वस्ती, मधल्या कॉलन्या, आनंदवली आणि गंगापूरसारखी मूळची गावे, आणि त्यापुढच्या नव्या टोलेजंग इमारती हे सगळे वेगवेगळे आहे. भाडे वेगळे, पाणी वेगळे, शेजार वेगळा. म्हणून जाहिरातीत 'गंगापूर रोड' वाचून टोकन देऊ नका. पुढील गोष्टी स्वतः पाहा.

पूररेषा : नदीच्या बाजूला घर असेल तर हे आधी विचारा. निळ्या रेषेच्या आतल्या भागात साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी शिरते आणि लाल रेषेपर्यंत 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे. 2008 आणि 2016 चा गोदावरीचा पूर नाशिककरांच्या आठवणीत आहे. विकत घेत असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात खात्री करा. भाड्याने घेत असाल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, "2016 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो खरे सांगतो.

पाणी : धरण जवळ आहे म्हणून नळाला पाणी येतेच असे नाही. नव्या इमारतीत महापालिकेचे पाणी किती वेळ येते, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण भरते, हे विचारा.

प्रवास : नोकरी सातपूरला असेल तर अंतर कमी. नाशिकरोडला असेल तर रोज पूर्ण शहर ओलांडावे लागेल. सिटीलिंक बस 2021 पासून सुरू आहे. घराजवळच्या थांब्यावर सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला स्वतः उभे राहून पाहा. दोघांपैकी एकाकडेच दुचाकी असेल तर हे जास्त महत्त्वाचे. घरातल्या बाईचा बाहेर पडण्याचा मार्ग बसवर अवलंबून असतो.

पैसा : सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक उपभोगाला, दोन व्यवसायात, एक अडचणीच्या काळासाठी शिल्लक. आजच्या पगारात ही वाटणी तंतोतंत जमणार नाही. पण चौथा भाग तरी सोडू नका. अनामत रक्कम, एजंटची दलाली, मेंटेनन्स, शाळेची फी आणि व्हॅन हे सगळे मिळवून हिशेब करा. भाडे भरून महिनाअखेरीला हातात काहीच उरणार नसेल, तर तो भाग कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी योग्य प्रदेश नाही. गावाकडे आई-वडिलांना पैसे पाठवायचे असतात, हे आपल्या पहिल्या पिढीच्या नोकरदारांना सांगायची गरज नाही.

'आपल्याला घर देतात का?'

देतात. नाकारतातही. दोन्ही आम्ही पाहिले आहे.

नकार सहसा तोंडावर येत नाही. फोनवर घर रिकामे असते. मग विचारतात, "आडनाव काय?" आडनावावरून समजले नाही तर "गाव कोणतं?", "व्हेज की नॉनव्हेज?" त्यानंतर मालकाच्या भावाला अचानक घर लागते. एका कुटुंबासोबत आम्ही या रस्त्यावर घर पाहायला गेलो होतो. मालकीणबाईंनी चहा दिला, भाडे ठरले. निघताना त्यांच्या मुलीच्या मोबाईलवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यांनी पाहिला. संध्याकाळी निरोप आला की घर विकायचे ठरले आहे. आठवड्याने त्याच घराची भाड्याची जाहिरात पुन्हा दिसली. ती मुलगी दहा वर्षांची. तिने वडिलांना विचारले, "मी फोटो काढून टाकायला हवा होता का?"

1917 मध्ये परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख उघड झाल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दिवसभर जागा शोधून शेवटी ते एका बागेत जाऊन बसले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहिले आहे. शतक उलटून गेले. लाठ्या गेल्या, आडनावाची चौकशी राहिली. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण नाव सांगणाऱ्यांच्या तुलनेत दलित आणि त्याहून जास्त मुस्लिम घरशोध्यांना नकार मिळाला, आणि ज्यांना होकार मिळाला त्यांतल्या काहींना जास्त भाडे किंवा जाचक अटी सांगितल्या गेल्या.

मग ओळख लपवावी का? लपवणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. जून तोंडावर असतो, लॉजचे बिल वाढत असते. पण लपवून मिळालेल्या घरात दर पौर्णिमेला पडदे ओढून वंदना घ्यावी लागते. मुलांना 'बाहेर सांगू नको' असे शिकवावे लागते. त्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी सांगितले, "नाही बाळा, ते घर आपलं नव्हतं." आम्हालाही हेच योग्य वाटते. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. चार घरे जातील. पाचवे मिळेल, त्यात मोकळेपणाने राहता येईल.

कायदा किती मदत करतो

भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा अधिकार संविधानाच्या कलम 19 (1) (ङ) ने दिला आहे. पण एखाद्या खासगी मालकाने गुपचूप घर नाकारले तर त्याला शिक्षा होणे अवघड असते, हे आधी मान्य केले पाहिजे. तरीही हातात बरेच काही आहे.

जातीवरून सार्वजनिकरीत्या अपमान, धमकी किंवा सामाजिक बहिष्कार झाला, तर अॅट्रॉसिटी कायदा लागू होतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण आहे. कुणी मेसेजवर जातीचा उल्लेख करून नकार दिला असेल तर तो मेसेज जपून ठेवा.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट विकत घेत असाल, तर पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. भाड्याच्या बाबतीत आदर्श उपविधीनुसार सभासदाने सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. "कमिटी तयार नाही" असे मालक म्हणाला तर हे त्याला शांतपणे सांगा. मात्र इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे आधी विचारा. दोघांचे नियम वेगळे आहेत.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी हे लागू आहे. नुसत्या नोटरीवर समाधान मानू नका.

नोंदणीचा आणखी एक फायदा आहे, तो अनेकांना उशिरा कळतो. शिक्षण हक्क कायद्याखालील 25 टक्के राखीव जागांसाठी अनुसूचित जातीच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही. पण प्रवेशात घर ते शाळा हे अंतर महत्त्वाचे असते, आणि भाड्याने राहणाऱ्यांकडून नोंदणीकृत करार मागितला जातो. शिवाय अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, म्हणून आधी शाळांची यादी पाहा, नंतर घर. अर्जाची मुदत बहुधा बदलीच्या हंगामाआधीच संपते. बदली होणार हे माहीत असेल तर आधीच तयारीला लागा.

'तिकडे आपले लोक आहेत का?'

आहेत, पण विखुरलेले. मधल्या कॉलन्यांत आणि नव्या इमारतींत आपली कुटुंबे तुरळक आहेत. चालत जाता येईल असा विहार प्रत्येक ठिकाणी सापडणार नाही. वस्तीत आजारपणात शेजारीण मूल सांभाळते, अडचणीला उसने पैसे मिळतात, मयतीला शंभर माणसे उभी राहतात. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. ते फ्लॅटच्या किमतीत मिळत नाही.

म्हणून काहीजण म्हणतात, वस्तीतच राहा. हेही आम्हाला पूर्ण पटत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याच्या संकुचितपणावर कठोर टीका केली, ती बंदिस्त वाड्यांत राहण्यासाठी नव्हे. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत राहायला गेले. तिथे पुस्तकांसाठी घर बांधले आणि त्याला मगधाच्या राजधानीचे नाव दिले : राजगृह. अभ्यासाला जागा हवी म्हणून त्यांनी परिसर बदलला, समाज सोडला नाही.

गंगापूर रोडला राहायला येणाऱ्यांनी हेच करावे. आल्यावर पहिल्या महिन्यात जवळचे विहार आणि तिथली रविवारची वेळ शोधा. जुन्या गावठाणांत आपली मूळ वस्ती असेल तर तिथे जाऊन ओळख करून घ्या. तिथल्या मुलांना आठवड्यातून एक दिवस गणित-इंग्रजी शिकवा. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चार-पाच कुटुंबांनी मिळून आळीपाळीने घरी ठेवा. सुट्टीच्या दिवशी मुलांना त्रिरश्मी लेणीवर न्या, दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख दाखवा. 2 मार्च 1930 रोजी याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते, हे त्यांना सांगा. या शहरावर आपला हक्क नवा नाही, हे मुलांना कळले की "आडनाव काय?" या प्रश्नाला ती मान खाली घालणार नाहीत.

आणि ज्यांचे इथे बस्तान बसले आहे त्यांनी एक काम करावे. तुमच्या इमारतीत घर रिकामे झाले की ग्रुपवर टाका. स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना जात किंवा धर्म विचारू नका, मुस्लिम कुटुंब आले तरी नाही. जो प्रश्न आपल्याला टोचतो तो आपण दुसऱ्याला विचारायचा नाही. अशी दहा दारे उघडी झाली तरी पुढच्या मे महिन्यात येणाऱ्या कुटुंबाला तिसरा प्रश्न विचारावा लागणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!