विमान डोक्यावरून, दावा कुणावर?

इंदूरच्या सुदामा नगरात गच्चीवर पापड वाळत घालताना वरून विमान गेलं की कुणीतरी म्हणतंच, ‘यांच्यावर केस ठोकायला हवी.’ लगेच दुसरा सांगतो, ‘सरकारवर केस होत नसते हो!’ दोघंही अर्धे चुकतात.

सरकारवर दावा होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 300 मध्येच ती सोय आहे. आधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, एवढंच. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा, आणि प्राधिकरणालाही कोर्टात खेचता येतं. घोडं अडतं ते 1934 च्या विमान कायद्याच्या कलम 17 पाशी. वारा-हवामान पाहता वाजवी उंचीवरून गेलेल्या विमानाच्या केवळ उड्डाणामुळे, किंवा त्याच्या नेहमीच्या परिणामांमुळे, उपद्रवाचा दिवाणी दावा चालत नाही. 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी हे कवच कायम आहे. सगळी मेख ‘केवळ’ आणि ‘वाजवी’ या दोन शब्दांत. विनाकारण छपरांना घासून जाणाऱ्या विमानाला ते कवच मिळेलच असं नाही.

दुसरा गैरसमज मोबाइलवाल्यांचा: ॲपवर 80 डेसिबल दिसलं, वस्तीची मर्यादा 55, म्हणजे कायदा मोडला! दिवसा 55, रात्री 45 हे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतले निवासी भागाचे आकडे. विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी 2018 मध्ये वेगळे ठरले: वर्दळीच्या विमानतळांना 70 आणि 65, इतरांना 65 आणि 60. तेही सरासरीचे. अर्ध्या मिनिटाची गर्जना लांबलचक शांततेत मिसळली की आकडा खाली येतो. झोप मात्र त्या अर्ध्या मिनिटातच मोडते. माझ्या मते नियमाची खरी उणीव हीच.

‘परदेशात भरपाई मिळते’ हे खरं, पण सरसकट नाही. 1946 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका कुक्कुटपालकाच्या बाजूने कौल दिला, कारण लष्करी विमानं इतकी खालून जात की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. ओसाका विमानतळाच्या खटल्यात 1981 मध्ये जपानी न्यायालयाने मागच्या त्रासाची भरपाई मान्य केली. रात्रीची उड्डाणं थांबवायला नकार दिला.

आपल्याकडे उरतो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा रस्ता. मध्य प्रदेशासाठी खंडपीठ भोपाळला. पर्यावरण कायद्याखालचे निकष मोडल्याने नुकसान झालं, तर 2010 च्या कायद्याच्या कलम 15 खाली भरपाई मागता येते, पण दाव्याचं कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांच्या आत. तिथे ॲपच्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. तारीखवार, वेळेसकट, प्रमाणित यंत्राने घेतलेल्या नोंदी लागतात.