तटाआडची विद्या

बिहारमध्ये भागलपूरच्या पूर्वेस, कहलगावनजीक अंतीचक नावाचे खेडे आहे. तेथील विक्रमशिला महाविहाराचे भग्नावशेष पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. प्रथमदर्शनी मनात आला तो शब्द ‘विद्यापीठ’ नव्हे, ‘किल्ला’ हा होता. प्रत्येक बाजू सुमारे ३३० मीटर लांब, चारही कोपऱ्यांवर गोल बुरूज आणि त्यांच्या दरम्यान आलटूनपालटून गोल व चौकोनी बुरुजांची रांग! आग्वाद, शापोरा पाहिलेल्या गोमंतकीयाला तटबंदीचे अप्रूप ते काय? परंतु आमच्या बुरुजांवर तोफा असत; येथील बुरुजांच्या पोटात भिक्षूंच्या शय्या आहेत. मधल्या भव्य स्तूपाभोवती चारी बाजूंस मिळून २०८ कोठड्या, अन् त्यांत राहणारे विद्यार्थी व आचार्य. पालसम्राट धर्मपालाने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात वा नवव्याच्या आरंभी स्थापिलेल्या या विहाराची ही खरी शिबंदी होती.

किल्ल्यासारखे दिसणे मात्र घातक ठरले. बख्तियार खलजीने इ. स. १२०० च्या सुमारास ‘बिहारचा किल्ला’ जिंकला, तेव्हा आतील मुंडितमस्तक लोकांची सरसकट कत्तल झाली. पुढे ग्रंथांचे ढीग सापडले; पण त्यांत काय लिहिले आहे हे सांगावयास कोणी उरलेच नव्हते. किल्ला म्हणून जिंकले ते विद्यालय निघाले! ही हकिकत कोणा शत्रूने रचलेली नव्हे. ती मिन्हाज-इ-सिराज या दरबारी इतिहासकारानेच नोंदविली आहे. ते स्थळ म्हणजे विक्रमशिलेचे भावंड ओदंतपुरी, असे मानले जाते. मगधाच्या रक्षणासाठी या दोन्ही विहारांत सैनिक ठेवले होते, असे तिबेटी इतिहासकार तारानाथ सांगतो. दोहोंपैकी एकही वाचला नाही.

या कत्तलीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण केवळ संताप घेऊन परतणेही आम्हांस पुरेसे वाटत नाही. तट असून आणि सैनिक असूनही जे वाचले नाही, त्यातले काही वाचले तरी कसे, हा खरा प्रश्न आहे. येथील आचार्य अतीश दीपंकर अकराव्या शतकात तिबेटात गेले. अखेरचे आचार्य शाक्यश्रीभद्र १२०४ मध्ये तेथेच पोहोचले. विद्या वाचली ती परक्या भाषेत उतरल्यामुळे, परक्या शिष्यांच्या मुखी गेल्यामुळे. १९२९ ते १९३८ या काळात राहुल सांकृत्यायन चार वेळा तिबेटात गेले, ते आपल्याच हरवलेल्या संस्कृत पोथ्या शोधावयास!

या कथेचा एक धागा आमच्या अंगणापर्यंत येतो. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून बुद्धाच्या शोधात निघाले, सिंहलद्वीपी पाली शिकले आणि १९४० मध्ये ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत दिला. भारताने गमावलेले धन या अकिंचन गोमंतकीयाने पदरात बांधून परत आणले.

आज गावोगावी वाचनालयांच्या इमारती उभ्या राहतात, उद्घाटनाच्या फिती कापल्या जातात; ठीकच आहे. परंतु कपाटातला ग्रंथ उघडून त्यातला अर्थ सांगू शकणारा मनुष्य गावात नसेल, तर त्या विजेत्यांपुढच्या ढिगात आणि आपल्या कपाटात अंतर ते किती? विद्येचा तट विटांचा नसतो, वाचणाऱ्यांचा असतो. तो ढासळू लागला तर त्यासाठी कोणा बख्तियाराची वाट पाहावी लागत नाही.