लहरींची वाटणी ठरते कशी

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत 5.225 क्रमांकाची एक छोटी तळटीप आहे. 150.05 ते 153 मेगाहर्ट्झ हा पट्टा भारत आणि ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्रालाही पहिल्या दर्जाच्या हक्काने दिला आहे, एवढंच ती सांगते. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या महादुर्बिणीच्या निरीक्षणांचा हा पट्टा. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी टिपतात. या लहरी इतक्या क्षीण असतात, की त्याच फ्रिक्वेन्सीवर जवळपास कुणी वॉकीटॉकी सुरू केला तरी त्या बुडून जातात. स्पेक्ट्रमचं धोरण म्हटलं की आपल्याला लिलाव आणि कोटींचे आकडे आठवतात. पण लिलाव फार पुढे येतो. कुणाला कुणाचा त्रास होऊ द्यायचा नाही, हे त्याच्या बरंच आधी ठरवावं लागतं.

लहरी सीमेवर थांबत नाहीत, म्हणून पहिला आराखडा सगळ्या देशांना मिळूनच करावा लागतो. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, तो करते. तिने जगाचे तीन विभाग पाडले आहेत आणि भारत तिसऱ्यात येतो. कोणत्या पट्ट्यात कोणती सेवा चालेल, याचा तक्ता दर तीन-चार वर्षांनी जागतिक परिषदेत सुधारला जातो. मागची परिषद 2023 च्या अखेरीस दुबईत झाली, पुढची 2027 मध्ये शांघायला आहे. तक्त्यात प्रत्येक सेवेला दर्जा असतो. पहिल्या दर्जाच्या सेवांची नावं इंग्रजी तक्त्यात सगळी मोठ्या अक्षरांत छापतात. दुय्यम सेवेने पहिलीला अडथळा आणायचा नाही आणि तिच्याकडून झालेल्या अडथळ्याबद्दल तक्रारही करायची नाही. काही पट्ट्यांत तर प्रक्षेपणालाच बंदी आहे. हायड्रोजनची खूण असलेला 1420 मेगाहर्ट्झचा आकडा ज्यात येतो, तो 1400 ते 1427 चा पट्टा साऱ्या जगाने मोकळा ठेवला आहे. मला हा करार फार मोलाचा वाटतो.

या तक्त्याच्या चौकटीत प्रत्येक देश आपला तक्ता बनवतो. आपल्याकडे ते काम दूरसंचार विभागातल्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगचं, म्हणजे डब्ल्यूपीसीचं. संरक्षण दलं, रेल्वे, विमानसेवा, इस्रो, पोलीस, प्रसारण आणि मोबाइल कंपन्या, या सगळ्यांच्या गरजा तिथे समोरासमोर येतात. एखादा पट्टा मोबाइलला द्यायचा, तर आधी तिथे असलेल्याला दुसरीकडे हलवावं लागतं. त्याची जुनी यंत्रणा बदलायचा खर्च आणि वेळ, दोन्ही धरावे लागतात. शेजारच्या पट्ट्यांकडेही बघावं लागतं. विमान जमिनीपासून किती उंचीवर आहे हे मोजणारं उपकरण 4200 ते 4400 मेगाहर्ट्झवर चालतं. आपला 5जीचा मुख्य पट्टा 3670 ला संपतो. मध्ये 530 मेगाहर्ट्झचं अंतर आहे. तरीही 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना बजावलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटरपर्यंत आणि मध्यरेषेपासून 910 मीटरपर्यंत या पट्ट्याचे 5जी टॉवर उभारायचे नाहीत.

मग प्रश्न येतो मालकीचा. 1995 मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. पुढे 'आधी येईल त्याला आधी' या पद्धतीने 2008 मध्ये दिलेले 122 परवाने याच न्यायालयाने 2012 मध्ये रद्द केले. मात्र प्रत्येक नैसर्गिक संपत्तीचा लिलावच झाला पाहिजे असं नाही, हेही त्याच वर्षी राष्ट्रपतींच्या विचारणेवर न्यायालयाने स्पष्ट केलं. 2023 च्या दूरसंचार कायद्यात या दोन्ही गोष्टी आल्या. सरकार जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचं मालक आहे, वाटप लिलावाने होईल, आणि संरक्षण, हवामान, आपत्ती व्यवस्थापन, अवकाश संशोधन अशा पहिल्या अनुसूचीतल्या कामांना लिलावाशिवाय मिळेल.

किंमत ठरते ती दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या शिफारशीवरून. ट्राय सल्लामसलत पत्र काढते, लेखी मतं आणि त्यांवरची प्रतिमतं मागवते, खुली चर्चा घेते, मग राखीव किंमत सुचवते. अंतिम निर्णय सरकारचा. इथे चूक झाली तर काय होतं, ते 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याने दाखवलं. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, भिंतींतून आत शिरतात, त्यामुळे खेड्यापाड्यांसाठी हा पट्टा सोन्यासारखा. 2016 मध्ये देशभरासाठी त्याची राखीव किंमत दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये ठेवली आणि एकही बोली लागली नाही. 2021 मध्ये किंमत उतरवली, तरी कुणी फिरकलं नाही. 2022 मध्ये 3,927 कोटींवर आणल्यावर जिओने 10 मेगाहर्ट्झ घेतले. मधली सहा वर्षं गेली ती गेलीच. कोळसा आज काढला नाही तर उद्या काढता येतो. न वापरलेल्या लहरीचा कालचा दिवस कुणालाच विकता येत नाही. तिजोरी भरण्याच्या हिशेबाने स्पेक्ट्रमची किंमत लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

सगळंच विकायचं नसतं, हेही धोरणातच येतं. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय खुला आहे. घरातलं वायफाय आणि ब्लूटूथ चालतं ते त्यामुळे.

एवढं करूनही नियम पाळले जातात का, हे कुणीतरी ऐकत बसावं लागतं. वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनची केंद्रं देशभर आहेत. उपग्रहांच्या लहरींवर नजर ठेवणारं केंद्र आपल्या जालन्यात आहे. जमिनीवर नेहमी सापडतो तो गच्चीत बेकायदा बसवलेला सिग्नल बूस्टर. घरात रेंज यावी म्हणून माणूस तो लावतो. बूस्टर नको तो गोंगाटही टॉवरकडे पाठवतो आणि आसपासच्या लोकांचे कॉल तुटू लागतात. कंपनी तक्रार करते, दिशाशोधक अँटेना घेऊन पथक गल्लीबोळ पालथे घालतं. परवान्याशिवाय असं यंत्र बसवणं आणि बाळगणंही गुन्हा आहे, पण दुकानात आणि ऑनलाइन ते उघड मिळतं. गच्च्या तपासण्याइतकाच जोर विक्री रोखण्यावर दिला, तर पथकांना एवढी वणवण करावी लागणार नाही.