चकतीभोवतीचं कडं

१७२७ साली स्टीफन हेल्स या इंग्लिश धर्मगुरूनं आपल्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या ग्रंथात, झाडांवरच्या प्रयोगांच्या गर्दीत, कोंबडीच्या एका पिल्लाची हकीकत नोंदवून ठेवली. अर्धवट वाढलेल्या त्या पिल्लाच्या पायाच्या हाडात त्यानं अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक भोकं पाडली. दोन महिन्यांनी पाहिलं, तर हाड इंचभर लांब झालेलं; भोकांमधलं अंतर मात्र तेवढंच. म्हणजे हाड मधून ताणलं जात नाही. त्याची लांबी टोकांशी वाढते.

पुढे १७४० च्या सुमारास फ्रान्समध्ये द्युआमेल द्यु मोन्सोनं लहान प्राण्यांच्या हाडांभोवती, वरच्या पातळ आवरणाखाली, चांदीच्या तारेची वळी घातली. काही काळानं ती वळी हाडात गाडली गेलेली सापडली. वरचं आवरणच बाहेरून नवं हाड घडवत होतं. या आवरणाला आज पेरिऑस्टियम म्हणतात.

लांबी टोकांशी आणि जाडी आवरणातून, असे वाढीचे दोन कारखाने झाले. मला विलक्षण वाटते ती या दोन कारखान्यांची सीमारेषा. तिथं अगदी अरुंद जागेत पेशींचा एक पट्टा असतो. मूल सरळ वाढेल की वाकडं, मार लागल्यावर त्याचं हाड सावरेल की नाही, यातलं बरंच काही तो पट्टा ठरवतो.

आधी टोकाचा कारखाना पाहू. वाढत्या मुलाच्या लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, ग्रोथ प्लेट. सांध्याच्या बाजूला निवांत पेशींचा थर, त्याखाली भराभर दुभंगत उभ्या रांगा लावणाऱ्या पेशी आणि त्याखाली फुगून अनेक पट मोठ्या होणाऱ्या पेशी. ही फुगवणच हाडाची लांबी पुढे ढकलते. शेवटी त्या पेशींभोवती कॅल्शियम साचतं, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड येतं. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के लांबी गुडघ्याजवळच्या एकट्या चकतीतून येते, वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून ही सगळी धामधूम फिल्मवर एक काळी रेघ होऊन उमटते. ती पाहून कितीतरी आईबाप हाड तुटलं म्हणून धास्तावतात.

आता त्या चकतीची कड. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवलेली असते, तसं या मऊ चकतीला चहूबाजूंनी एक कडं असतं: तंतूंचं आणि हाडाच्या पातळ पापुद्र्याचं. त्याचा नीट अभ्यास बेल्जियमच्या पिएर लाक्रुआनं केला आणि त्याचं नाव या कड्याला मिळालं. कड्यालगत पाचरीच्या आकाराची एक बारीक खाच असते. ती १८७३ साली वर्णिली फ्रेंच सूक्ष्मशरीरशास्त्रज्ञ लुई रांव्हिए यांनी, मज्जातंतूंवरच्या 'नोड्स'मुळे डॉक्टरांना ज्यांचं नाव ठाऊक असतं तेच हे.

या खाचेत पेशींचे वेगवेगळे समूह दाटीनं राहतात. काही पेशी कड्याचं हाड बनवतात. काही कूर्चेच्या पेशी होऊन चकतीत सामील होतात, म्हणूनच चकती रुंद होत जाते; तान्ह्या बाळाचा गुडघा मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढा होतो त्यात त्यांचाच वाटा. उरलेले तंतू चकतीला पेरिऑस्टियमशी घट्ट जखडून ठेवतात. मुलांमध्ये पेरिऑस्टियम हाडाच्या मधल्या भागावरून सहज सोलून निघतं, पण चकतीच्या कडेशी त्याची पकड जबरदस्त असते.

शिवाय ते ताणलेलंही असतं, त्यामुळे वाढीला लगाम बसतो. कोंबडीच्या हाडावर हे आवरण गोलाकार कापलं की हाड जास्त लांब वाढतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंबडीच्या भ्रूणाचं हाड प्रयोगशाळेत वाढवताना कूर्चेवरचं आवरण काढून टाकलं, तेव्हाही कूर्चा जास्त फोफावली. तिथं बाहेरची ओढ हे कारण पुरेसं नव्हतं. आवरणाच्या पेशी 'आता पुरे' असे रासायनिक निरोपही आत पाठवत होत्या. वेढणारा थर केवळ सोसत नाही, तो बोलतो. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर रेंगाळले.

याचा पडसाद रुग्णालयात रोज ऐकू येतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलाची मांडी मोडली, तर जुळल्यावर तो पाय बऱ्याचदा सेंटिमीटरभर जास्त वाढतो. दुखापतीनंतर रक्तपुरवठा वाढतो हे एक कारण, फाटलेल्या आवरणाचा लगाम सुटतो हे दुसरं मानलं जातं. म्हणून या वयात प्लास्टर घालताना हाडाची टोकं थोडी एकमेकांवर चढलेली डॉक्टर मुद्दाम चालवून घेत आले आहेत.

मार थेट चकतीवर बसला तर ती बहुधा फुगलेल्या पेशींच्या थरातून फाटते, कारण तोच सर्वांत दुबळा. यात निसर्गाची मोठी कृपा आहे: वाढीचं बियाणं असलेल्या निवांत पेशी सांध्याकडच्या तुकड्यासोबत शाबूत राहतात. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ साली या दुखापतींचे पाच प्रकार मांडले. आजही जगभर तेच वापरतात. त्यांतल्या सर्वांत नेहमीच्या, दुसऱ्या प्रकारात पेरिऑस्टियम एका बाजूला फाटतं आणि दुसऱ्या बाजूला अखंड राहतं. त्या अखंड पट्टीच्या आधारानंच डॉक्टर हाड जागेवर बसवतात. कधी मात्र फाटलेला पदर फटीत अडकतो आणि हाड नीट बसूच देत नाही.

कड्याची ताकद वयाबरोबर बदलते. मृत बालकांच्या आणि किशोरांच्या खुब्यांवर आडवा जोर लावून पाहिलेल्या, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की लहान वयात चकतीला सरकू न देण्याचं बरंचसं काम हे कडंच करतं; पुढे ते पातळ होत जातं. मूल झपाट्यानं उंच होतं, वजन वाढतं, नेमकं तेव्हा कडं विरळ झालेलं असतं. खुब्याचा गोळा चकतीवरून घसरण्याचा आजार याच वयात गाठतो. त्यात दुखतो अनेकदा गुडघा, आणि सगळे गुडघाच तपासत बसतात. किशोरवयीन मूल लंगडत गुडघा धरत असेल, तर खुबा तपासून घ्यायलाच हवा.

सॉल्टर-हॅरिसच्या यादीत मर्सर रँग यांनी पुढे सहावा प्रकार जोडला: चकती जागच्या जागी, पण कडं खरवडलेलं. आपल्याकडे सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या मागे बसलेल्या पोराचा पाय चाकाच्या तारांत जातो, घोट्याची कातडी सोलवटते. एक्स-रेत मोडलेलं काहीच नसतं. जखम भरते, मूल पळू लागतं. खरवड खोल गेली असेल, तर कड्याच्या जागी हाडाचा एक लहानसा पूल तयार होतो, चकतीच्या दोन्ही बाजू तिथं सांधल्या जातात. त्या बाजूची वाढ थांबते, दुसरी चालूच राहते, आणि पाऊल वर्षा-दोन वर्षांत हळूहळू वळू लागतं. 'जखम तर केव्हाच बरी झाली' असं घरचे सांगतात तेही खरंच असतं.

हा पूल कुठं आहे, हे हाड स्वतःच सांगतं. दुखापतीच्या धक्क्यानं वाढ काही काळ मंदावते, आणि त्या वेळची एक आडवी पांढरी रेघ हाडात राहून जाते. पुढे एक्स-रेत ती रेघ चकतीला समांतर दूर सरकलेली दिसली, तर वाढ सगळीकडे सारखी चालली आहे. एका टोकाशी ती चकतीला येऊन चिकटत असेल, तर पूल तिथंच. म्हणून अशा मुलांना काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात, दुखत नसलं तरी.

फिनलंडचे शल्यविशारद आंदेर्स लांगेनशोल्ड यांनी हा पूल कोरून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पूल चकतीचा फार मोठा भाग व्यापून नसेल आणि वाढीची पुरेशी वर्षं उरली असतील, तर ती उपयोगी पडते. कोरलेल्या पोकळीत पुन्हा हाड भरू नये म्हणून त्यांनी मुलाच्याच शरीरातली थोडी चरबी तिथं ठेवली. पुढच्या वर्षांत चकती वाढत गेली, आणि तपासणीत आढळलं, की हाडात ठेवलेली ती चरबीही जिवंत राहून हाडाबरोबर वाढली होती.